खुंटीवरचं बोचकं

माझी आजी कुंडलात सुईणपण करायची. आमच्या घरात दाराशेजारी भिंतीत एक खुंटी होती आणि त्या खुंटीला तिचं बोचकं टांगलेलं असायचं. उकळून, उन्हात कडक वाळवलेली चार फडकी, नाळ बांधायला जाड दोरा, कागदात गुंडाळलेलं नवं ब्लेड, साबणाची वडी, डेटॉलची बाटली आणि एक बॅटरी. घरातल्या कुणीही त्या बोचक्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. ब्लेड वापरलं की ती दुसऱ्या दिवशी दुकानातून नवं आणायची, फडकी पुन्हा चुलीवर उकळायची आणि संध्याकाळच्या आत बोचकं परत खुंटीला जायचं. रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची. बाहेरून घाईचा आवाज यायचा, "मावशी, चला की, सून अडलीया." आजी अंथरुणातूनच म्हणायची, "आले." कुणाची सून, कुठल्या वस्तीवर, किती लांब, हे ती पायात चपला सरकवताना विचारायची.

घरात रोजच तसं चालायचं, त्यामुळे लहानपणी मला याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं, बायबल नीट वाचायला लागल्यावर. अब्राहामाला देवानं हाक मारली तेव्हा त्यानं जो शब्द उच्चारला, तोच मोशेनं जळत्या झुडपापाशी उच्चारला. शमुवेलानं पोरवयात अंधारात उठून तोच उच्चारला आणि यशयानं मंदिरातल्या दर्शनात तोच उच्चारला. मूळ हिब्रूत तो एकच शब्द आहे, हिन्नेनी. मराठीत आपण त्याचा अर्थ 'हा मी इथं आहे' असा सांगतो, आणि तो चूक नाही. पण शाळेत हजेरीला पोरगं 'हजर' म्हणतं तेव्हा ते बाकावर बसलेलं आहे एवढंच कळतं. हिन्नेनी म्हणणारा माणूस काम काय आहे हे ऐकायच्या आधीच उठून उभा राहिलेला असतो. या चौघांपैकी एकालाही पुढं नेमकं काय वाढून ठेवलं आहे हे त्या घटकेला ठाऊक नव्हतं. अब्राहामाला ठाऊक असतं तर त्याची जीभ वळली असती का, हा प्रश्न मला आजही पडतो. आजीचं 'आले' आधी यायचं आणि तिचे प्रश्न मागून यायचे. तिला हिब्रू येत नव्हतं, पण तो शब्द तिला येत होता.

हिब्रू शिकून तो शब्द मराठीत आणणारी एक बाई आपल्याच मातीत होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या, घरगुती मराठीत उतरवलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते भाषांतर बाहेर पडलं. पण भाषांतराला बसण्याच्या कितीतरी आधी, 1896-97 च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा बायका गोळा करून आणत होत्या. निवारा पुरेल का, दाणा पुरेल का, याचा हिशेब त्या मुली दाराशी आल्यावर सुरू झाला. शब्द कोशातून कळतो, हे खरं. या शब्दाच्या बाबतीत रमाबाईंना कोशाची गरज कमी पडली असावी, असं मला वाटतं.

देवाच्या सेवेसाठी मनानं तयार असणं आणि त्याच्या हाताला लागेल असं मोकळं असणं, हा या पुस्तकाचा विषय. आमच्या भागात बुधवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थनासभा होतात. कधी पलूसला, कधी कुंडलला, कधी किर्लोस्करवाडीला. आठ-दहा माणसं, सतरंजी, शेवटी चहा. त्या सभांसाठी वेळोवेळी लिहिलेली टिपणं इथं एकत्र केली आहेत. लिहिताना माझ्यासमोर पाळक नव्हते, धर्मशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. द्राक्षबाग असलेला शेतकरी होता, कारखान्यात पाळीनं जाणारा फिटर होता, शाळेतल्या बाई होत्या, दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणारी विधवा होती. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. मन खूप आहे, पण जमत नाही. मग देवाला आम्ही काय उपयोगाचे?

मराठीत आपण सहज म्हणतो, आवड असली की सवड मिळते. म्हण खरी आहे आणि तिथंच अडचण आहे. आवडीच्या गोष्टीला सवड मिळतेच. लग्नाला मिळते, जत्रेला मिळते, निवडणुकीला तर महिनाभर मिळते. सेवेची हाक मात्र आपली आवड विचारून येत नाही. ती बहुतेक वेळा नको त्या वेळी येते, नको त्या माणसाच्या तोंडून येते आणि ज्या कामात आपल्याला गती नाही त्याच कामासाठी येते. माझं स्पष्ट मत असं की आपल्या मंडळ्यांमध्ये इच्छेचा तुटवडा नाही. उपासनेत समर्पणाचं गीत सुरू झालं की डोळे भरून येतात, आणि ते पाणी खोटं नसतं. तुटवडा आहे तो सोमवारच्या सवडीचा.

येशूनं सांगितलेला तो मेजवानीचा दाखला घ्या. आमंत्रण सगळ्यांना आधीच गेलेलं होतं आणि ते सगळ्यांनी स्वीकारलेलंही होतं. ताटं वाढल्यावर बोलावणं गेलं तेव्हा एकाला घेतलेलं शेत बघायला जायचं होतं, दुसऱ्याला पाच बैलजोड्या पारखायच्या होत्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. यातलं एकही कारण खोटं नाही, एकही पाप नाही. आमच्याकडं ऊसतोडीची टोळी आली की शेतकरी दुसरं काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतो, आणि त्याला दोष कोण देणार? वर्षभराचं पीक फडात उभं असतं. म्हणून हा दाखला मला फार अंगावर येतो. देवाला नकार देणारी माणसं त्यात दुष्ट नाहीत. ती कामात आहेत.

दुसरा दाखला दोन मुलांचा. बाप एकाला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात जा. तो म्हणतो जात नाही, पण मागाहून त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. दुसरा म्हणतो जातो, आणि जात नाही. पलूस-तासगाव पट्ट्यात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आलेली असावी आणि रात्री अवकाळी पाऊस पडावा. पहाटेच्या आत फवारणी झाली नाही तर दावण्या रोग घडावर चढतो आणि आठवड्यात बाग हातची जाते. त्या रात्री थोरला पोरगा 'जातो' म्हणून पांघरूण ओढून झोपला, तर बापाचं काय होतं हे इथल्या माणसाला विचारा. बुधवारच्या सभेत मी हा दाखला वाचला, तेव्हा एक बागायतदार बराच वेळ खाली बघत बसले होते. मग म्हणाले, "न्हाई म्हटला असता तर मी सवता गेलो असतो. हो म्हटला, तिथं मी बुडालो." पोकळ होकारानं काय नुकसान होतं, ते याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

बायबलमध्ये नकार देणारे पुष्कळ आहेत आणि देवानं त्यांच्याशीही काम केलं. मोशेनं जिभेचं जडपण पुढं केलं, त्याला अहरोन मिळाला. योना उलट्या दिशेच्या गलबतात बसला, त्याला वळवून आणलं. त्यांच्याबद्दल प्रवचनं खूप झाली आहेत. मला ज्याच्याजवळ थांबायचं आहे तो हनन्या.

प्रेषितांच्या कृत्यांत हा माणूस जवळजवळ एका पानापुरता येतो. दिमिष्कात राहणारा एक साधा शिष्य. दर्शनात त्याला नावानं हाक येते, तो ओ देतो, आणि मग त्याला पत्ता मिळतो. नीट नावाचा रस्ता, यहूदाचं घर, तिथं तार्ससचा शौल आहे, तो प्रार्थना करतोय, त्याच्यावर हात ठेव. इथं हनन्या कचरतो. तो देवाला सांगतो की या माणसाविषयी मी बरंच ऐकलं आहे, यानं यरुशलेमात आपल्या लोकांचे काय हाल केले आणि इथंही तो कशासाठी आला आहे. त्याची भीती अगदी रास्त होती. शौल दिमिष्काला आला होता तोच हनन्यासारख्यांना बांधून न्यायला. म्हणजे ज्याच्या यादीत आपलं नाव असू शकेल, त्याच्या दारात आपल्या पायांनी जायचं होतं.

तो गेला. आत जाऊन आंधळ्या झालेल्या त्या माणसाला त्यानं पहिला शब्द उच्चारला तो भाऊ म्हणून. हात ठेवले, दृष्टी आली, बाप्तिस्मा झाला. पुढं त्या शौलाचा पौल झाला, अर्धं जग फिरला, त्याची पत्रं आजही आपण वाचतो. हनन्याचं काय झालं? पौल एकदा आपली साक्ष देताना त्याची आठवण काढतो, एवढंच. पुढं तो कथेतून बाहेर जातो. त्यानं मंडळी स्थापन केल्याचं, पत्र लिहिल्याचं, प्रवास केल्याचं काही नाही. त्याच्या वाट्याला एक निरोप, एक गल्ली आणि एक दुपार आली. त्या दुपारी तो घरी होता आणि त्याचे कान उघडे होते. जन्मभराची सेवा म्हटलं की आपण दबून जातो, आणि मग दुपारभराचीही करत नाही. म्हणून मी पहिलं टिपण हनन्यावर ठेवलं आहे.

आता जरा आपल्या मुलखात येऊ. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच 1863 साली जन्मला. मोठा होऊन तो अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेला, तेव्हा वडिलांच्या घरी रविवारी संध्याकाळी मित्रांना गोळा करून परदेशातल्या सेवेविषयी बोलायचा. ती बैठक चालू असताना शेजारच्या खोलीत त्याची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसायची. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर झालं आणि शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी आपण परदेशात मिशनरी व्हायला राजी आणि उत्सुक आहोत, अशा निवेदनाखाली सह्या केल्या. कोल्हापूरच्या या पोरानं मग कॉलेजं पालथी घातली आणि त्यातून जगभर पसरलेली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली.

या इतिहासातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की काही वर्षांनी त्या प्रतिज्ञेतले शब्द बदलले. राजी आहे, उत्सुक आहे, याच्या जागी माझा तसा निश्चय आहे, असे शब्द आले. म्हणजे सह्यांचे गठ्ठे जमल्यावर त्यांनाही तेच दिसलं असणार, जे आपल्याला समर्पणाच्या गीतानंतरच्या सोमवारी दिसतं. दुसरी गोष्ट ग्रेसची. रॉबर्टचं नाव मिशनच्या प्रत्येक इतिहासात आहे. शेजारच्या खोलीतली ग्रेस 1887 साली कोल्हापूरला परत आली आणि पुढं तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरला खेड्यातल्या बायकांमध्ये राहून काम करत राहिली. कुंडलहून इस्लामपूर म्हणजे कृष्णा ओलांडून गेलं की आलंच. आमच्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हतं.

मिरजेचं मात्र सगळ्यांना माहीत आहे. मिशन हॉस्पिटल म्हटलं की वानलेस साहेब. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे, 1865 चा जन्म. डॉक्टर होऊन 1889 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पत्नी मेरीबरोबर सांगलीला आले. मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं 1894 साली आणि 1897 साली त्यांनी तिथंच वैद्यकीय शाळा सुरू केली. माणसं इतकी येऊ लागली होती की एका डॉक्टरच्या दोन हातांनी भागणं शक्य नव्हतं. मिरज रेल्वेचं जंक्शन. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून गाड्या भरून रोगी येत. 1928 साली त्यांना सर ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ते परत गेले आणि 1933 साली वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

एकोणचाळीस वर्षं. हा आकडा ऐकून माणूस हरखतो, आणि मग स्वतःला सोडवून घेतो. आपण काही वानलेस नाही. ही पळवाट बंद करावी म्हणून एक सांगतो. त्या हॉस्पिटलात ऑपरेशनं वानलेस साहेबांनी केली, पण रात्री तीन वाजता रोग्याच्या उशापाशी कोण होतं? आया होत्या, वॉर्डबॉय होते, ड्रेसिंग करणारे होते, भांडी उकळणारे होते. त्यातले कितीतरी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. गावात ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातून तीच गावची माणसं इथं औषध घेत, कूस बदलून घेत. माझी आजी तरुणपणी तिथंच आया होती आणि बाळंतपणं बघत बघत शिकली. भिंतीवर तिचं नाव नाही. ते असावं असं मी म्हणत नाही. पण तिथं झालेली सेवा एकट्या साहेबाची होती असं कुणी म्हटलं, तर मी त्याला अडवतो.

लग्न होऊन आजी कुंडलला आली. हे गाव तेव्हा औंध संस्थानात. इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले जी. डी. बापू लाड इथलेच, त्या लढ्यातल्या प्रतिसरकारची तुफान सेना इथं घडली. त्रेचाळीसच्या त्या दिवसांत रात्री दार वाजलं की बाहेर भूमिगत कार्यकर्ता असायचा, आणि त्याला भाकरी द्यायची, कुठं निजवायचं ते बघायचं, सकाळी कुणी विचारलं तर गप्प बसायचं. आजी म्हणायची, या गावाला रात्रीचं दार उघडायची सवय होती, म्हणून मला हे गाव सोपं गेलं. रविवारी ती आम्हाला घेऊन किर्लोस्करवाडीला पॅसेंजर धरायची. 1910 साली किर्लोस्करांचा कारखाना येईपर्यंत त्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. आजी शेवटपर्यंत 'रोड'च म्हणायची. अमणापूर, भिलवडी, नांद्रे, सांगली, मग मिरज. उपासनेला पोचायला कधी उशीर व्हायचा. पण आदल्या रात्री बाळंतपण झालेलं असेल तर ती गाडी चुकवून बाळंतिणीकडं फेरी मारायची, आणि त्याबद्दल तिला कधी चुकल्यासारखं वाटलेलं मी पाहिलं नाही.

इस्लामपूरच्या निमित्तानं साताऱ्याचं नाव वर आलं, आणि साताऱ्याचा विषय निघाला की रेव्हरंड टिळक आलेच. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर बावीस वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. कवी म्हणून नाव झालं होतं, 'ज्ञानोदय'मुळं शब्दाला वजन होतं, पगार ठरलेला होता. 1917 साली, पंचावन्न उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागं चालू इच्छिणारे सगळे त्यात भाऊ. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, मुंबईत त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्यामागं दरबार फार काळ तगला नाही.

मग ते फुकट गेलं का? सभेत हा प्रश्न मला एका तरुण मुलानं विचारला होता. माझं उत्तर नाही असं आहे, पण ते मी घाईनं देत नाही. टिळकांच्या त्या निर्णयाकडं मी नेहमी वयाच्या बाजूनं बघतो. पंचावन्नाव्या वर्षी आपण माणसं जे मिळालं ते सांभाळायला लागतो. निवृत्ती, मुलाचं स्थळ, घराचा हप्ता. त्या वयात त्यांनी हात मोकळे केले. मोकळ्या हातात देव काय ठेवील, किती दिवस ठेवील, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

आणि तरीही मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची बाजू सोडवत नाही. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे की टिळकांच्या मोकळ्या हातांची झळ घरातल्या डब्यांना किती लागायची. आपल्या मंडळ्यांत हे आजही चालतं. पाळक चोवीस तास सगळ्यांसाठी हजर असतात, आणि त्यांच्या हजेरीचं मोल पाळकीणबाई भरतात. एका माणसाची तयारी दुसऱ्याला न विचारता उभी राहते. संमेलनाचा स्वयंपाक, पाहुण्यांची अंथरुणं, आजाऱ्याचा डबा, ही सेवा बायकांनी करायचीच असं आपण धरून चालतो आणि सभेत आभार मानायलाही विसरतो. जिला नाही म्हणायची मुभाच नाही, तिच्या होकाराला समर्पण म्हणू नये. मरीयेजवळ देवदूत आला तेव्हा त्यानं तिचा होकार येईपर्यंत वाट पाहिली, हे मी बुधवारच्या सभेत पुन्हा पुन्हा सांगतो, विशेषतः पुरुष जास्त आले असतील तर.

मोकळं असणं म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या हाकांना धावणंही नव्हे. येशू गर्दीतून उठून एकांतात जायचा, शिष्य शोधत यायचे, लोक तुझी वाट बघताहेत म्हणायचे, आणि तो म्हणायचा, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. माझ्या आजीचंही तसंच होतं. लग्नाचं सामान आणायला, भांडणं मिटवायला कुणी बोलावलं तर ती सरळ नाही म्हणायची. अंगात कणकण असली की बोचकं शेजारच्या जाणत्या बाईकडं द्यायची आणि गपगुमान झोपायची. तिची हाक ठरलेली होती, म्हणून तिच्या 'आले'मध्ये कुरकुर नव्हती.

आता मी माझं सांगतो, नाहीतर हे सगळं लिहायचा मला हक्क नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली रात्र. शेजारच्या गल्लीतल्या मुलानं मला फोन केला होता. त्याच्या आईच्या छातीत दुखत होतं आणि माझ्याकडं गाडी आहे हे त्याला माहीत होतं. फोन माझ्या उशाशीच होता. मी नाव वाचलं, सकाळी बघू म्हटलं आणि आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी एका सभेत बोलायचं होतं, झोप हवी होती. त्यानं आईला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागं भावाला घेऊन दवाखाना गाठला. बाई वाचली. मी भेटायला गेलो, खोटं कारण सांगितलं, त्यानं मान हलवली. तो आजही भेटला की नमस्कार करतो. पण त्यानंतर त्यानं मला कधी काही मागितलं नाही. ती सवड मी दिली नव्हती, म्हणून ती पुन्हा कुणी मागितलीच नाही. आपण मोकळे आहोत की नाही हे आपल्याला विचारून कळत नाही. अडचणीतल्या माणसाच्या यादीत आपलं नाव आहे का, यावरून कळतं. त्या यादीतून नाव गळतं तेव्हा आवाज होत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमच्या पलूस तालुक्यात भिलवडीपासून खालच्या गावांत पाणी घुसलं, ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि घरंच्या घरं उघडी पडली. आमच्या घराला पाणी लागलं नाही. एका संध्याकाळी निरोप आला की शाळेत उतरलेल्या लोकांना भाकऱ्या पाहिजेत, रात्री नऊपर्यंत, जमतील तितक्या. आमच्या ओट्यावर तीन परातीत पीठ मळायला घेतलं. गल्लीतल्या बायका आल्या. त्यांत ख्रिस्ती आम्हीच दोन घरं. एका वयस्कर आजींना संधिवातामुळं बोटं नीट वळत नव्हती. भाकरी थापता येईना, तर त्या चुलीपुढं बसून जाळ सारत राहिल्या, पावणेदोन तास, न उठता. नऊला टेम्पो आला. भाकऱ्या धोतराच्या पानात बांधताना त्या आजींनी मला विचारलं, उद्या किती वाजता येऊ? त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. धूर दिसला म्हणून आल्या होत्या.

टिपणं सलग वाचायची नाहीत. एका बुधवारी एक पुरे. प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न दिलेले नाहीत, कारण घरातली माणसं आपले प्रश्न घेऊनच बसलेली असतात. गीत कुठलंही घ्यावं, प्रार्थना लांबवू नये. आमच्या सभेत एक पद्धत आहे, ती इतरांनीही ठेवावी असं वाटतं. मध्येच कुणाचा फोन वाजला तर आम्ही तो बंद करायला सांगत नाही, घ्यायला सांगतो. एकदा अशाच फोनवर मिरजेला रक्त द्यायला चौघं जण उठून गेले, राहिलेल्यांनी गाडीच्या तेलाला पैसे गोळा केले आणि टिपण मध्यावरच थांबलं. या पुस्तकात ते सातवं आहे, आणि जिथं थांबलं तिथपर्यंतच छापलं आहे.